पाठ करून घेतलेलं ‘नाही’

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पण आपलं भांडण काही मिटलं नाही. म्हणजे भांडत मी एकटीच होते, तुम्ही तर कधीच्या सुटलात. आज मात्र मी भांडायला बसलेली नाही. काल दुपारी माझ्या जिवावरचं एक ओझं उतरलं, ते कोणाला तरी सांगायचं होतं आणि डोळ्यांसमोर तुम्हीच आलात, चष्म्याची दोरी गळ्यात आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला. घरी सांगितलं असतं तर नवरा ‘बरं झालं’ म्हणाला असता आणि पेपर उलटला असता. त्याचं चुकत नाही. आपल्या बालगृहात ‘नाही’ म्हणायला कसं शिकवायचे, हे त्याला काय ठाऊक. तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच शिकवायचात.

आधी बातमी सांगते, कारण ती ऐकून तुम्ही खुर्चीतून उठाल. तुमच्या काळात एखाद्या पोरीचे आईबाप गेले की पोलीस नाहीतर गावातला कोणी शहाणा माणूस तिला आपल्या दारात आणून सोडायचा आणि अठरा वर्षांची होईपर्यंत ती आपली. आता सरकारनं ते सगळं उलटं केलंय. बालगृह हे सगळ्यात शेवटचं. आधी आत्या, मामा, मावशी, मोठी आई, कोण आहे ते शोधायचं. त्या घराला पोरीच्या शिक्षणासाठी, खाण्यासाठी मदत सुरू करून द्यायची. नात्यातलं कोणीच पुढं आलं नाही तर एखादं दुसरं कुटुंब पाहायचं. तेही जमलं नाही तर मग आपलं फाटक. आणि ज्या मुली आधीपासून आत आहेत त्यांच्या फायली एकेक करून पुन्हा उघडायच्या, त्यांच्या माणसांचा पत्ता काढायचा, घर पाहून यायचं, मुलीला एकटीला बसवून विचारायचं. हे विचारायचं काम माझ्याकडे आहे, बाई. जिल्ह्याच्या बालसंरक्षण कार्यालयात, कंत्राटावर. बारा वर्षं तुमची भाकर खाल्लेली पोरगी आता गावोगाव फिरून तुमचंच बालगृह रिकामं करून राहिली आहे. बघा, ‘करून राहिली’ निघालंच. तुम्ही असतात तर पट्टी टेबलावर वाजली असती आणि मला ‘करते आहे’ असं तीनदा म्हणावं लागलं असतं.

ज्या मोठ्या खोलीत आम्ही चाळीसजणी सतरंजीवर एकमेकींच्या लाथा खात झोपायचो, तिथं आता थोड्याच खाटा आहेत आणि दोन खाटांच्या मधून निवांत चालता येतं. तुमचं ते लोखंडी कपाट अजून आहे. त्यात फुलाफुलांच्या चादरी, कंगवे आणि एक कॅरम बंद असायचा आणि तपासणीच्या दिवशीच ते बाहेर यायचं. मी पहिल्यांदा कामासाठी तिथं गेले तेव्हा सगळ्यात आधी ते कपाट उघडून पाहिलं. आत फायली आहेत आता. कॅरम मुली रोज खेळतात आणि त्यातली राणी कुठंतरी हरवली आहे, म्हणून तिथं लाल बटण ठेवतात.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी प्रार्थना झाली की तुम्ही आम्हाला रांगेत उभं करायचात आणि स्वतः साहेब व्हायचात. नाव काय? जेवण पोटभर मिळतं का? शाळेत जातेस का? इथं कोणी मारतं का? घरी जायचंय का? मोठ्या मुलींना उत्तरं पाठ होती. लहान्या गडबडायच्या, म्हणून तुम्ही बोटांची युक्ती काढलीत. हात पाठीमागे धरायचा. अंगठा म्हणजे नाव, मग दोन बोटं ‘हो’, मग दोन बोटं ‘नाही’. एकेक बोट दाबत जायचं आणि त्या बोटाचं उत्तर द्यायचं. ‘हाव’ म्हणायचं नाही, ‘हो’ म्हणायचं. सहा वर्षांच्या पोरीलाही एका संध्याकाळीत जमायचं. करंगळी म्हणजे घरी जायचं नाही, एवढं आम्हाला झोपेतही येत होतं.

आणि मग तो नागपूरहून बदलून आलेला तरुण साहेब. तो प्रश्न उलटसुलट विचारायला लागला. त्या दिवशी रांगेत माझ्यापुढं नुकतीच आलेली एक चिमुरडी होती. साहेब म्हणाले, “तुला इथं कोणी मारतं का?” तिनं अंगठा दाबला आणि आपलं नाव सांगितलं. साहेब हसले. “बरं, घरी जायचंय का?” “हो.” “मग इथं कोणी मारतं का?” “हो.” “आणि जेवण पोटभर मिळतं का?” “नाही.” स्वयंपाकघराच्या दारात मावशी तोंडात पदराचा बोळा कोंबून उभी होती. तुमचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. तुमच्या अख्ख्या आयुष्यात त्या पोरीला तुम्ही एक चापट मारली नव्हती आणि तिनं तासाभरापूर्वी तीन वाट्या वरण प्यायलं होतं. आज आठवून मला इतकं हसू येतं की लिहिता लिहिता थांबावं लागलं. त्या दिवशी कोणालाच हसू आलं नव्हतं.

पुढची मी होते. मी आठ वर्षांची. गिरडकडच्या आमच्या गावाहून माझी मोठी माय, वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, अर्ज घेऊन आली होती आणि व्हरांड्यात बसली होती. मला बालगृहात ठेवून तिला दोन वर्षं झाली होती आणि दोन वर्षांत ती पहिल्यांदाच येत होती. साहेबांनी मला पहिलाच प्रश्न केला, “मोठ्या आईकडे जायचंय का?” मी हुशार होते. बोटांचा घोटाळा माझ्या लक्षात आला होता. मी हात पुढं घेतले, बोटं मोकळी सोडली आणि सरळ म्हणाले, “नाही.” साहेबांनी लिहून घेतलं. तुमच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मोठी माय तिच्या पिशवीतलं गाठोडं मावशीजवळ देऊन दुपारच्या गाडीनं निघून गेली. संध्याकाळी तुम्ही ते माझ्या हातात ठेवलंत. ज्वारीच्या लाह्या होत्या आणि गिरडच्या टेकडीवरचे ते सुपारीएवढे गोल दगड, खेळायला. ती नंतर कधी आली नाही.

ही गोष्ट मी अशीच सांगते. अंगणवाडीच्या बायकांना, पोलिसांना, नव्या पोरांच्या प्रशिक्षणात, सगळीकडे. पाठीमागे हात धरून अंगठा कसा दाबायचा ते करून दाखवते. लोक आधी हसतात, मग कोणीतरी डोळे पुसतं. मग मी म्हणते, म्हणून मुलाला एकटं बसवून विचारायचं, घाई करायची नाही, आणि संस्थेचा माणूस खोलीत नको. टाळ्या पडतात. त्या गोष्टीत तुमचं नाव मी कधी घेतलं नाही, पण तुमची दोरीवाली चाळिशी नेहमी असते.

सतरा वर्षांची असताना मी ते एकदा तुमच्या तोंडावर फेकलं होतं. थंडीचे दिवस, स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर तुरीच्या हिरव्या शेंगांचा ढीग, तुम्ही आणि मी सोलत बसलेल्या. तुमची ती रीतच होती. तुम्ही कोणाला काही विचारायचं असलं तर ऑफिसात बोलवायचा नाहीत, हातात शेंगा द्यायचात. त्या दिवशी मात्र मीच बोलले. म्हणाले, पटावर पोरी दिसल्या तरच अनुदान मिळतं ना, म्हणून शिकवता ना ‘नाही’ म्हणायला? माझ्या मोठ्या मायला तुम्ही घालवलंत. मला वाटलं तुम्ही मारणार. तुम्ही दोन शेंगा सोलल्यात, मग म्हणालात, “अनुदानाचंही होतंच. खोटं कशाला बोलू.” मग आणखी काही शेंगा सोलून झाल्यावर तुम्ही सांगितलंत. मी यायच्या आधी एक मुलगी काकाकडे जायचंय म्हणाली, गेली. पोळलेला हात घेऊन तीन महिन्यांनी एकटी चालत फाटकाशी आली. पटावरून नाव कमी झालेलं, वरून हुकूम नाही, आत घेता येईना. तुम्ही वरिष्ठांकडे धावलात, कागद घेऊन परत आलात तोवर पोरगी फाटकाशी नव्हती. “ती मला सापडली नाही,” तुम्ही म्हणालात. “त्यानंतर ‘नाही’ शिकवायला लागले. आता शेंगा सोल, वरण राहिलंय.” मला त्या वयात ते पटलं नाही. पटलं नाही असं मी ठरवलं, असं म्हणते.

तुम्ही माझं वाईट केलं असं मी म्हटलं तर माझी जीभच झडेल, हेही लिहून टाकते. अकरा वर्षांची असताना मला फळ्यावरचं दिसत नव्हतं आणि मी शेजारणीच्या वहीत पाहून लिहायची. मास्तर मला ‘मठ्ठ’ म्हणायचे. तुम्ही एक दिवस शाळेत मागच्या बाकावर येऊन बसलात, अर्धा तास नुसत्या माझ्या डोळ्यांकडे पाहिलंत, आणि दुसऱ्या दिवशी मला सावंगीच्या दवाखान्यात नेलंत. रांगेत तुम्ही उभ्या, मी बाकावर. चष्मा आला त्या दिवशी परत येताना चौकात तुम्ही मला आलूबोंडा घेऊन दिलात आणि मी कडुनिंबाच्या झाडाकडे पाहून म्हणाले, “बाई, याले पानं वेगवेगळी हायेत.” तुम्ही ‘याला’ म्हण, ‘आहेत’ म्हण, असं काही म्हणाला नाहीत. तुम्ही तोंड फिरवलंत आणि रिक्षावाल्याशी उगाच भांडायला लागलात.

आता कालचं. या पावसाळ्याच्या सुरुवातीला माझ्या हातात दहा वर्षांच्या एका पोरीची फाइल आली. आई नाही, बाप कुठं गेला पत्ता नाही. चार वर्षांपासून आपल्याकडे. आर्वीला तिची आत्या आहे, बाजार समितीत सोयाबीन चाळायला जाते, नवरा तिथंच हमाल. मी घर पाहून आले. दोन खोल्या, स्वच्छ, एक लहान पोरगा, भिंतीवर शाळेच्या वेळापत्रकाचा कागद. आत्या म्हणाली, “माह्या भावाची पोरगी हाय वो म्याडम. तवा मी बाळंतीण होती, घरात कोनी नाई, म्हनून ठेवली तिथं. आता मले द्या. मदत भेटली तं भेटली, नाई तं नाई.” मला ती बाई आवडली. फार गोड बोलत नव्हती.

मग मी पोरीला विचारलं. ऑफिसात, दार लावून, नियमाप्रमाणे कोणी खोलीत नाही. आत्याकडे जायचंय का? ती म्हणाली, “नाही.” अगदी शुद्ध. मी पाहिलं तर तिचा उजवा हात पाठीमागे होता. मी उठून तिच्या बाजूला गेले, तर ती करंगळी दाबून उभी होती. तुम्ही नाही, मावशी नाही, तुमच्या वेळचं एक माणूस तिथं राहिलेलं नाही. आताच्या अधीक्षिका तर पोरींशी मैत्रिणीसारख्या बोलतात, त्यांना ही बोटं माहीतही नाहीत. पण मोठ्या पोरी लहान्यांना शिकवत आल्या, त्या मोठ्या झाल्या की पुढच्यांना. जसं सागरगोट्यांचा खेळ चालत येतो, तसं तुमचं चालत आलंय. इतकी वर्षं. मला राग आला का तुमचा? आला. जाम आला. आणि मी मनाशी पक्कं केलं, की हे ‘नाही’ पोरीचं नव्हेच, ते बाईंचं आहे, आणि मी ते मोडून दाखवीन.

आमच्या साहेबांना जाऊन मी सांगून टाकलं की पोरीचं मत पढवलेलं आहे, तिला पाठवून द्या. साहेब भले आहेत. म्हणाले, “तुम्हाला हे कसं कळलं?” मी म्हणाले, मला कळतं. ते म्हणाले, “तिला कळतं का ते पाहा आधी. आणखी दोनदा विचारा.” मी तणतणत बाहेर आले. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या वेळी मी ऑफिसात बसले नाही. स्वयंपाकघराच्या मागे गेले आणि अंबाडीची जुडी घेऊन त्या पोरीला हाक मारली. पानं खुडता खुडता इकडचं तिकडचं बोलले. हात कामात गुंतले की पाठीमागे जात नाहीत. बऱ्याच वेळानं मी म्हटलं, आत्याचं घर कसं असेल गं? ती म्हणाली, “चांगलं असन.” मग काऊन नाही म्हणतेस? तिनं एक देठ मोडलं, फेकलं. “एक डाव गेलं का मंग येता नाई येत. फाटक बंद होते. एक पोट्टी गेलती, तिचा हात पोयला होता, तरी तिले आत नाई घेतलं.” कोणी सांगितलं तुला? “सगळ्यायले माहीत हाय.” मी अंबाडीची जुडी तशीच मांडीवर धरून बसले. बोटं एकटी आली नव्हती, बाई. तुमची ती मुलगीही त्यांच्याबरोबर चालत आली होती. पोरीचं ‘नाही’ पढवलेलं होतं, पण ती ते घाबरून, विचार करून, कारण देऊन म्हणत होती. आणि ते कारण खोटं नव्हतं. मी साहेबांचं ऐकलं नसतं तर तिला तशीच गाडीत घालून आर्वीला सोडून आले असते आणि वर कौतुक करून घेतलं असतं.

मी तिला नवा नियम सांगितला. आता कोणाला एकदम पाठवत नाहीत. आधी चार दिवस राहून पाहायचं, नाव पटावर तसंच, खाट तशीच. नंतरही दोन वर्षं मी येऊन पाहत राहणार. तिला खरं वाटेना. मी तिला ऑफिसात नेऊन पट उघडून दाखवला. तिनं बोट ठेवून आपलं नाव वाचलं. “पोळ्याला जा,” मी म्हटलं. “दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो, तोही करून घे. पाचव्या दिवशी मी गाडी घेऊन येते. नाही आवडलं तर माझ्याबरोबर परत.” ती म्हणाली, “खरंच येसान काय?” मी येईन म्हटलं. “मी न बोलावता येसान?” न बोलावता येईन.

ते चार दिवस माझे कसे गेले ते माझं मला माहीत. तुमच्या त्या पोरीचा हात मी कधी पाहिला नव्हता, तरी भाजी चिरताना, गाडीची वाट पाहताना तोच डोळ्यांसमोर यायचा. घर मी पाहिलं होतं, शेजारी विचारलं होतं, शाळेत जाऊन आले होते. तरी घर म्हणजे घर, दार लागल्यावर आत काय होतं ते कोणी पाहिलंय. तुम्ही इतकी वर्षं हे चाळीस पोरींसाठी सहन केलंत, मला एकीसाठी झेपेना. काल सकाळी आमच्या ड्रायव्हरनं मला म्हटलंसुद्धा, “म्याडम, तुम्ही आज चहा नाई पेल्या.”

आर्वीला पोचलो, गल्लीच्या तोंडाशी गाडी ठेवली, आणि मला तिचा आवाज ऐकू आला. चार वर्षांत त्या पोरीचा आवाज कोणी दारापलीकडे ऐकला नव्हता. “नाई म्हनलं ना, मी नाई लावत तेल. कपायावर गयते थेंब थेंब.” आणि आत्या, “अवं, केसं पाह्य ना तुह्ये, झिपरी दिसून राह्यली.” “दिसू दे.” मी दारात गेले. पोरगी पाटावर, आत्या तिच्यामागं तेलाची वाटी घेऊन, लहान पोरगा लाकडी नंदीला दोरी बांधून घरभर ओढत होता. आत्यानं मला पाहिलं आणि म्हणाली, “पाहा वो म्याडम, चार दिवसांत तोंड किती सुटलं हिचं. दिवसभर भांडते. माह्याच संगं भांडते पन, दुसऱ्या कोनाले काही नाई म्हनत.” ती तक्रार होती की अभिमान, मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

पोरगी उभी राहिली. माझ्याकडे पाहत राहिली. मी काहीच विचारलं नाही. मी एवढंच म्हटलं, “मी येते म्हटलं होतं, आले. गाडी बाहेर आहे.” तिनं दारातून वाकून गल्लीत पाहिलं, गाडी खरंच आहे का ते. पुन्हा आत आली. तिचे दोन्ही हात तेलानं माखलेले, पुढंच होते. “नाई,” ती म्हणाली. “मी नाई येत.” मग, “पन माह्यं नाव तिथं राहीन ना?” राहील. “कधीलोक?” तू म्हणशील तोवर, मी म्हटलं. नियमात तसं नाही, पण ते मी पाहून घेईन. तिनं विचार केला आणि म्हणाली, “मंग राहू द्या सध्या.” आणि परत पाटावर बसली. आत्यानं संधी साधून डोक्यावर तेल ओतलं.

परत येताना ड्रायव्हरनं विचारलं, “पोरगी?” राहिली, म्हटलं. वाटेत टपरीवर गाडी थांबवून त्यानं दोन चहा सांगितले. मी चहा प्याले आणि तिथंच बाकावर बसून रडले, बाई, इतकी मोकळी की टपरीवाल्या बाईनं पाण्याचा गिलास आणून दिला. किती वर्षांनी मला इतकं हलकं वाटलं. पोरगी घरी आहे. ती भांडते आहे. तिनं स्वतःच्या तोंडानं ‘नाही’ म्हटलंय आणि ते तिचं आहे.

आणि तिथंच, तो गिलास हातात असताना, मला माझं ‘नाही’ आठवलं. ते मी लोकांना सांगते तसं झालं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी साहेब यायच्या आधी तुम्ही मला मागच्या ओट्यावर बोलावलं होतं. हातात शेंगा दिल्यात. म्हणालात, “तुझी मोठी आई अर्ज घेऊन आली आहे. साहेब विचारतील. तुझ्यापुरतं बोटांचं विसर. जायचं असेल तर हो म्हण. तिकडं नाही जमलं तर मी फाटक उघडीन, हुकूम असो की नसो.” मला शब्द न् शब्द आठवतो. त्यानंतर मी पाणी प्यायला व्हरांड्यात गेले. मोठी माय भिंतीला टेकून बसली होती. अनवाणी. पायांच्या भेगांत काळी माती, लुगड्याला दोन ठिकाणी दुसऱ्याच रंगाचं ठिगळ, मांडीवर खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. तिनं मला पाहून हात वर केला. माझ्याबरोबर जी मुलगी होती तिचा मामा स्कूटरवर भेटायला यायचा. तिनं मला विचारलं, “कोन व्हय वो ते?” मी म्हणाले, “मले नाई माहीत.” मोठ्या मायनं ते ऐकलं. तिचा हात तसाच वर राहिला आणि मग तिनं त्याच हातानं पदर सारखा केला. त्यानंतर साहेबांपुढं मी ‘हो’ कोणत्या तोंडानं म्हणणार होते?

तुम्ही पढवलं नव्हतं. तुम्ही मला एकटीला बसवून विचारलं होतं. आज सरकार जे आम्हाला कागदावर लिहून देतं, ते तुम्ही त्या एका सकाळी माझ्यासाठी केलं होतं. ‘नाही’ माझं होतं. आणि मी सतरा वर्षांची असताना तुमच्यावर ते फेकलं तेव्हाही तुम्ही ‘मी तुला विचारलं होतं’ असं म्हणाला नाहीत. शेंगा सोलल्यात.

आता माझ्याकडून भांडण मिटलं आहे. खरंच हलकं वाटतंय, इतकं की लिहिताना दोनदा उठून आरशात तोंड पाहून आले. पुढच्या आठवड्यात नव्या लोकांचं प्रशिक्षण आहे. बोटांची गोष्ट सांगीन, ती सांगण्यासारखीच आहे. त्यात माझी पाळी येते तो भाग कसा सांगायचा ते अजून ठरलेलं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, घडी करून ठेवून देईन. आणि एक सांगून टाकते. मी कॉलेजात असताना मोठी माय गेली, निरोप आला होता, मी परीक्षा आहे म्हणून गेले नाही. परीक्षा नव्हती. हे सगळं खरं तर तिलाच लिहायला हवं होतं. तिला वाचता येत नव्हतं, असं म्हणून मी तुम्हाला लिहायला बसले.